नायब नेमला, पण तो कामाला येतो का?

ट्रॉम्बेत राहून कापडाचा धंदा करणाऱ्याने नेटवर्क स्विचवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्या धंद्याचा गाडा गेल्या काही वर्षांत कोणत्या चाकांवर आला आहे हे पाहिले, तर तसे वाटू नये. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागले. ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्या पेढ्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. गिऱ्हाईक नोटा मोजत नाही, मोबाईल पुढे करते. भिवंडीत टेम्पो भरून उभा असतो आणि त्याचा कागद गाळ्यातल्या कॉम्प्युटरमध्ये अडकलेला असतो. या साऱ्याचा दोर शेवटी भिंतीवर टांगलेल्या, हिरवे दिवे लुकलुकणाऱ्या एका डब्यातून जातो. तो डबा बसला की रोजमेळही बसला.

हा डबा म्हणजे स्विच. विजेच्या बटणाशी त्याचा नावापुरताच संबंध. जुन्या पेढीवर गुमास्ता आलेल्या टपालातले पत्र ज्याचे त्याच्या हातात देत असे, तसे काम हा डबा करतो. काउंटरवरच्या कॉम्प्युटरचा निरोप सर्व्हरला, सर्व्हरचा प्रिंटरला, आणि बाहेर जायचा तो राउटरला. लहान गाळ्यात आठ तारांचा स्विच पुरतो आणि तो हजार-दोन हजार रुपयांत मिळतो. मोठ्या मार्केटच्या, बँकेच्या किंवा इस्पितळाच्या इमारतीत मात्र शेकडो तारा एका ठिकाणी येतात आणि तिथे लाखांच्या किमतीची पेटी बसते. अशा पेटीत सगळे जोडीने असते. वीज घेणारे पॉवर सप्लाय दोन, पंखे जास्तीचे, आणि पेटीचा मेंदू म्हणता येईल असे सुपरवायझर कार्डही दोन. एक मेला तर दुसऱ्याने लागलीच काम हाती घ्यावे, ही अपेक्षा. बिघडलेला पॉवर सप्लाय चालू पेटीतूनच काढून नवा घालता येतो, दुकान बंद करावे लागत नाही. या जोडीच्या व्यवस्थेला रिडंडन्सी म्हणतात आणि दुसऱ्याने काम हाती घेण्याला फेलओव्हर. आम्हाला यासाठी एक जुनाच शब्द पटतो, आमच्या उर्दू शाळेतही चालणारा आणि इथल्या तहसील कचेरीतही चालणारा. नायब. साहेब रजेवर गेले की सहीला जो बसतो, तो नायब.

नायब मिळत नाही अशी आमची तक्रार नाही. अलीकडे विकणारे सगळेच नायब देतात आणि त्याचे पैसेही चोख घेतात. आमचे म्हणणे असे की नायबाचे घर, नायबाचा शिधा आणि नायबाचा रस्ता साहेबापेक्षा वेगळा नसेल, आणि साहेब धडधाकट असतानाच नायबाला एकदा खुर्चीवर बसवून पाहिलेले नसेल, तर तो नायब फक्त कागदावर आहे. अशा कागदी नायबांवर आपल्या बाजारांतला पैसा चालला आहे.

याचा सर्वांत ठळक दाखला आपल्याच शहरातला आहे. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवण्यात आले. देशातला सर्वांत मोठा शेअर बाजार. त्याच्याकडे एका नव्हे, दोन कंपन्यांच्या टेलिफोन वाहिन्या होत्या, त्याही प्रत्येकी अनेक. कागदावर पाहिले तर याहून पक्की व्यवस्था कोणती? तरीही दोन्ही कंपन्यांकडून थोड्याच वेळात एकच निरोप आला, की आमच्या वाहिनीत बिघाड आहे. पुढे एक्स्चेंजनेच जे निवेदन काढले त्यात कारण दिले होते: त्या वाहिन्यांच्या वाटेवर रस्त्याचे खोदकाम आणि बांधकाम चालले होते. कंपन्या दोन असल्या तरी कुदळीला कंपनीचे नाव वाचता येत नाही.

इथवर गोष्ट आपल्या ओळखीची आहे. मुंबईत कुठला रस्ता खोदलेला नाही? पण खरा धडा त्यापुढचा. वाहिन्या तुटल्या तरी मुख्य ठिकाणचा माहितीचा साठा चालू राहावा, अशीच त्या यंत्रणेची मांडणी होती. प्रत्यक्षात वाहिन्या गेल्यावर तो साठाच सर्व्हरांना हात देईना. मग जोखीम मोजणारी यंत्रणा गेली, हिशेब मिटवणारी गेली, निर्देशांक मोजणारीही गेली. म्हणजे नायबाकडे जाणारा रस्ता तुटला आणि त्या धक्क्याने साहेबच कोलमडला. चेन्नईत राखीव केंद्र होते, तिकडे त्या दिवशी व्यवहार नेले गेले नाहीत. दुपारी पावणेचार वाजता बाजार पुन्हा उघडला आणि पाचपर्यंत चालला. शेजारचा बीएसई दिवसभर चालूच होता. मधल्या चार तासांत ज्यांचे सौदे अर्धवट लटकले होते, त्यांच्यापैकी पुष्कळांचे सौदे त्यांच्या दलालांनी मिळेल त्या भावाने मोडले.

यानंतर काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण सुधारणा कशी होते ते त्यात दिसते. मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम घट्ट केले. बिघाड झाल्यापासून अर्ध्या तासात तो संकट म्हणून जाहीर करायचा आणि त्यानंतर ४५ मिनिटांत राखीव केंद्रावरून काम सुरू करायचे. वरिष्ठांनी चर्चा करीत बसायला जागाच ठेवली नाही. पुढे शनिवार, २ मार्च २०२४ आणि शनिवार, १८ मे २०२४ या सुटीच्या दिवशी शेअर बाजार मुद्दाम थोडा वेळ उघडला गेला. पहिले सत्र मुख्य केंद्रावरून, दुसरे राखीव केंद्रावरून, आणि दोन्ही वेळा खरे पैसे, खरे सौदे. आमच्या मते २०२१ नंतर या मंडळींनी केलेले सर्वांत शहाणपणाचे काम हेच. साहेबाला घरी बसवून नायबाला खुर्चीवर बसवले आणि जगाला दाखवले.

शेअर बाजार दूरचा वाटत असेल तर आपल्या दाराशी या. सोमवार, १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ ट्रॉम्बे, मानखुर्द, गोवंडीत कोणी विसरलेले नसेल. दहाच्या सुमारास संपूर्ण मुंबईची वीज गेली. लोकल गाड्या जिथल्या तिथे थांबल्या, चीता कॅम्पातल्या शिलाईच्या कारखान्यांत मशीन अर्ध्या टाक्यावर उभी राहिली. मुंबईसाठी जी सोय अनेक दशकांपासून केलेली आहे तिचा एक पाय ट्रॉम्बेतच आहे. बाहेरचे वीजजाळे कोसळू लागले तर शहराने स्वतःला त्यापासून तोडून घ्यायचे आणि ट्रॉम्बेच्या वीजघरासारख्या जवळच्या केंद्रांवर एखाद्या बेटासारखे चालत राहायचे. आम्हा ट्रॉम्बेकरांना त्या धुराड्यांचा अभिमानही आहे आणि त्यांचा धूरही आमच्याच वाट्याला आहे. त्या दिवशी मात्र बेट टिकले नाही.

तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी तेव्हा जे सांगितले ते आपल्या विषयाच्या गाभ्याचे आहे. कळवा-पडघा या ४०० केव्हीच्या ठिकाणी दोन सर्किटांपैकी पहिले दुरुस्तीसाठी बंद होते, भार दुसऱ्यावर होता, आणि दुसऱ्यात बिघाड झाला. आता हिशेब पाहा. वर्षाचे ३६५ दिवस आपण म्हणतो की आमच्याकडे दोन आहेत. पण ज्या दिवशी एक दुरुस्तीला निघते त्या दिवशी आपल्याकडे एकच असते, आणि त्या एकावर दोघांचा बोजा असतो. शहरातली वीजनिर्मिती मागणीच्या मानाने कमी पडत असेल तर बेटाला तरी आधार कशाचा? स्विचच्या खोलीतही हेच घडते. एक सुपरवायझर कार्ड दुरुस्तीला कंपनीकडे जाते, ते सहा आठवडे येत नाही, आणि मार्केटच्या कमिटीला वाटत राहते की आपली पेटी जोडीची आहे.

ट्रॉम्बेत या विषयाचे खरे उस्ताद वेगळेच आहेत, आणि आपण त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. भाभा अणुसंशोधन केंद्र. १९७६ साली जनता कॉलनी उठवून तिथल्या लोकांना चीता कॅम्पात आणले गेले, कारण ती जागा या केंद्राला हवी होती. ती जखम वेगळी, तिच्याबद्दल पुन्हा कधी. पण शिकण्यासारखे असेल ते शेजाऱ्याकडून शिकावे. कैगा आणि रावतभाटा येथील अणुभट्ट्यांसाठी या केंद्राने जी नियंत्रण यंत्रणा तयार केली तिच्यात दोन प्रोसेसर होते. एक काम करतो, दुसरा सतत जागा राहून पहिल्याच्या बरोबरीने चालतो आणि पहिला चुकला की काम घेतो. भट्टी तातडीने बंद करणाऱ्या यंत्रणेत तर जोडी पुरेशी मानत नाहीत, तिथे तिघे असतात. तिघांपैकी दोघांनी धोका आहे असे म्हटले तर भट्टी बंद. एकटा खोटे ओरडला तर काम अडत नाही, आणि एकटा झोपला तरी धोका दडत नाही. दोघांत भांडण झाले तर खरे कोणाचे, हा प्रश्न तिसऱ्याने सुटतो. पंचायतीची हीच रीत आहे.

आणि तरीही या क्षेत्रालाही एकदा जबर किंमत मोजावी लागली. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आग केबलींच्या वाटेने पसरली. मुख्य आणि राखीव पुरवठ्याच्या केबली एकमेकींपासून पुरेशा वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या. दोन्ही जळाल्या. सुमारे १७ तास केंद्राला वीज नव्हती. डिझेलवर चालणाऱ्या आगीच्या पंपांनी पाणी पोहोचवले आणि कामगारांनी काळोखात वर चढून हाताने झडपा उघडल्या, म्हणून भट्टी सांभाळली गेली. राखीव डिझेल जनरेटर शाबूत होते, पण त्यांची वीज वाहणारी केबल मुख्य केबलीच्या शेजारी झोपली होती. तेव्हापासून या क्षेत्रात केबलींचे अंतर आणि मधली आगरोधक आडभिंत हा मोठ्या काटेकोरपणाचा विषय झाला.

आता आपल्या मार्केटांकडे वळू. आमचा एक गाळा ज्या इमारतीत आहे तिथे कमिटीने दोन वर्षांपूर्वी जोडीची व्यवस्था करून घेतली. काम घेणाऱ्याचे नाव इथे देत नाही. बिलात दोन स्विच, दोन वाहिन्या, दोन पॉवर सप्लाय, सारे दुहेरी. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा एका दिवसाची विक्री एरवीच्या पंधरवड्याएवढी असते, रस्त्यावर जेसीबी चालला आणि दोन्ही वाहिन्या एकदम गेल्या. दोन्ही एकाच चेंबरमधून इमारतीत आल्या होत्या. सव्वापाच तास बिलिंग बंद. काउंटरवरच्या मुलांनी कच्च्या पावत्या फाडल्या, गिऱ्हाइकांनी मोबाईलवर पैसे द्यायचा प्रयत्न केला, पैसे गेले की नाही यावरून हुज्जती झाल्या, आणि पुष्कळ बाया मुलांना घेऊन सरळ समोरच्या मोठ्या दुकानात गेल्या. त्या गेलेल्या गिऱ्हाइकांची भरपाई कोणत्या वॉरंटीत मिळते?

नंतर आमच्या भाच्याने, जो याच कामात आहे, स्विचची पेटी उघडून दाखवली. म्हणाला, “मामू, हे बघा.” दोन पॉवर सप्लायच्या दोन काळ्या वायरी खाली येऊन एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचलेल्या होत्या, आणि तो बोर्ड एकाच यूपीएसवर. बोर्डाचा फ्यूज गेला असता तरी दोन्ही गेलेच असते. त्यातला एक पॉवर सप्लाय तर आधीच मेलेला होता, दिवा नारिंगी झालेला. किती महिने, ते कोणालाच सांगता येईना. जोडीच्या व्यवस्थेतला हा सर्वांत छुपा दोष आहे. दुसरा इतक्या गुपचूप काम हाती घेतो की पहिला मेल्याचे कोणाला कळतच नाही. मग दुसरा मरतो तेव्हा लोक म्हणतात, अचानक झाले. अचानक काहीच झालेले नसते. म्हणून आमचा पहिला आग्रह हा की पेटीत एक भाग मेला तर त्याचा निरोप कोणाच्या तरी मोबाईलवर गेला पाहिजे, आणि तो कोणाच्या, हे नावानिशी लिहिलेले हवे.

दुसऱ्याने काम हाती कधी घ्यायचे, हे त्याला कसे कळते? बहुतेक यंत्रणांत पहिला दर सेकंदाला ‘मी आहे’ असा छोटा निरोप पाठवत राहतो. ओळीने तीनदा निरोप आला नाही की नायब गादीवर बसतो. व्यवस्था साधी आणि चांगली आहे. पण तीत गृहीत असे धरले आहे की माणूस एक तर जिवंत तरी असतो किंवा मेलेला तरी. धंद्यातल्यांना ठाऊक आहे की सर्वांत मोठा घात अर्धमेल्या माणसाकडून होतो, जो रोज दुकानात येतो, हजेरी लावतो आणि काम करीत नाही. अमेरिकेतल्या साउथवेस्ट या विमान कंपनीचे जुलै २०१६ मध्ये नेमके हेच झाले. डॅलसमधला एक राउटर पुरता मेला नाही, अर्धवट बिघडला. तो ‘मी आहे’ म्हणत राहिला, त्यामुळे राखीव यंत्रणा पुढे आलीच नाही. चार दिवसांत सुमारे २,३०० उड्डाणे रद्द झाली. म्हणून हजेरीवर न जाता कामावर नजर ठेवणारी तपासणी हवी. दर काही मिनिटांनी काउंटरवरून सर्व्हरपर्यंत एक खरा निरोप जाऊन परत आला की नाही, हे पाहणारी. अशी साधने फुकटही मिळतात, फक्त बसवणाऱ्याला सांगावे लागते.

याच्या उलट धोकाही आहे. दोघांमधली तार तुटली, पण दोघेही धडधाकट, तर प्रत्येकाला वाटते की दुसरा मेला. दोघेही मालक होऊन बसतात आणि एकाच पत्त्यावर दोघे हुकूम सोडतात. वाटणी न झालेल्या घरात हे दृश्य आपण पाहिलेले आहे.

जोडरस्त्यांचे आणखी एक दुखणे आहे. दोन स्विच दोन तारांनी जोडले की निरोपाला गोल फिरायला वाट मिळते. एकच निरोप फिरत राहतो, वाढत जातो आणि काही सेकंदांत सारे जाळे गुदमरते. यावर रेडिया पर्लमन या अमेरिकन विदुषींनी १९८५ मध्ये तोड काढली, स्पॅनिंग ट्री नावाची. स्विच आपापसांत बोलून जास्तीचा रस्ता बंद ठेवतात आणि मुख्य रस्ता तुटला तरच उघडतात. जुन्या पद्धतीत यासाठी ३० ते ५० सेकंद लागत. २००१ च्या सुधारित पद्धतीत काम फार लवकर होते. पण रस्त्यांवर रस्ते जोडत गेले आणि नकाशा कोणी ठेवला नाही, तर ही तोडही तुटते. बोस्टनमधल्या बेथ इस्रायल डीकनेस या नामांकित इस्पितळात नोव्हेंबर २००२ मध्ये असेच झाले. जाळे एवढे वाढले होते की स्पॅनिंग ट्रीची मर्यादा ओलांडली गेली. चारेक दिवस डॉक्टरांना कागदावर औषधे लिहून काम भागवावे लागले. आपल्याकडे एखादा पोरगा मोकळी तार दिसली म्हणून दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये खोचतो, तेव्हा लहान प्रमाणात हेच घडते. म्हणून जास्तीच्या तारेवर चिठ्ठी हवी, आणि रॅकला कुलूप.

आणि जुळ्यांबद्दल थोडेसे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे आरियान-५ हे रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत फुटले. त्यात दिशा सांगणारी दोन यंत्रे होती, एक मुख्य, एक राखीव. दोघांत सॉफ्टवेअर तेच, म्हणून चूकही तीच. राखीव यंत्र आधी गेले, क्षणभराने मुख्य गेले. तेव्हा आपल्या दोन स्विचांवर नवे सॉफ्टवेअर एकाच रात्री कोणी चढवत असेल तर त्याचा हात धरावा. एकावर चढवा, आठवडा-पंधरवडा चालू द्या, मग दुसऱ्यावर.

काही व्यापारी बंधू म्हणतील की हे सारे मोठ्यांचे खेळ आहेत, आमच्यासारख्या तीन काउंटरांच्या दुकानदाराला लाखांची पेटी कशाला? आमचेही तेच मत आहे. किंबहुना लहान दुकानदाराला जोडीच्या मेंदूची महागडी पेटी विकणाऱ्यापासून सावध राहावे, असेच आम्ही सांगू. एका पेटीत दोन मेंदू असले तरी पेटी एकच असते. वरच्या मजल्यावरची मोरी गळली, उंदराने तार कुरतडली, छतातून पावसाचे पाणी आले, तर दोन्ही मेंदू एकदमच भिजतात. त्याच पैशात दोन साध्या पेट्या दोन वेगळ्या जागी ठेवणे अधिक हिताचे. तीन काउंटरांच्या दुकानाला तर तेवढेही नको. दुसरा साधा स्विच विकत घेऊन कपाटात ठेवावा, कोणती तार कुठे जाते हे तारांवर लिहून ठेवावे, आणि दुकानातल्या दोन मुलांना तो बदलायला शिकवावे. दहा मिनिटांचे काम आहे. इंटरनेटची दुसरी वाहिनी मात्र पहिल्यासारखी नको. पहिली जमिनीतून येत असेल तर दुसरी हवेतून, मोबाईलच्या सिमवर चालणाऱ्या राउटरची घ्यावी. जेसीबीचा दात हवेत पोहोचत नाही. आणि यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर न ठेवता स्विच आणि राउटरही ठेवावेत. वीज गेल्यावर कॉम्प्युटर चालू आणि स्विच मेलेला, असे दुकान आम्ही एकाहून अधिक पाहिले आहे.

खर्चाचा खरा प्रश्न मार्केटच्या कमिट्यांचा आहे. शंभर-दीडशे गाळे एका यंत्रणेवर असतात तिथे कंजुषी परवडत नाही, आणि आंधळा खर्चही परवडत नाही. दोन स्विच दोन वेगळ्या खोल्यांत, दोन वाहिन्या इमारतीच्या दोन वेगळ्या बाजूंनी आत घेतलेल्या, दोन यूपीएस विजेच्या दोन वेगळ्या फेजवर. वाहिनी देणाऱ्या दोन्ही कंपन्यांकडून रस्त्याचा नकाशा लेखी मागावा. नकाशा देत नाहीत, असे ऐकायला मिळते. मग निदान इमारतीपासून पहिल्या चौकापर्यंत तरी चालत जाऊन चेंबर कुठे आहेत ते कमिटीने डोळ्यांनी पाहावे. फरशा आणि कमानीवर जो पैसा जातो त्यातला थोडा इकडे वळवला तर बोंब व्हायचे कारण नाही. दुरुस्तीला गेलेला भाग परत येईपर्यंत बदली भाग देण्याची अट करारात असावी. ती अट नसेल तर दुरुस्तीच्या दिवसांत आपण एकाच दोरावर लटकलेलो असतो, कळवा-पडघासारखे.

आम्ही तागा विकत घेतो तेव्हा तो उलगडून, दोन्ही कडा पाहून, उजेडासमोर धरून मग दाम देतो. कारागीरही सूत ओढून पाहतो. मग पन्नास-साठ हजारांची किंवा पाच-सहा लाखांची ही व्यवस्था आपण न ओढता कशी घेतो? शेवटचा हप्ता देण्याआधी बसवणाऱ्याला समोर उभे करावे, चार काउंटरांवर खरी बिले चालू ठेवावीत आणि त्याच्याच हाताने पहिल्या स्विचची वायर काढून घ्यावी. घड्याळ लावून पाहावे. बिल थांबले का, किती सेकंद थांबले, छापताना मध्येच अडकलेले बिल दुप्पट तर नोंदले गेले नाही ना. मग वाहिनी काढावी. मग एक यूपीएस बंद करावा. सगळ्यात शेवटी काढलेले परत लावावे, कारण पुष्कळ यंत्रणा जाताना नीट जातात आणि पहिला परत आल्यावर गोंधळ घालतात. जो बसवणारा या परीक्षेला कुरकुर करतो, त्याला आपल्या कामाबद्दल काय वाटते ते तिथेच कळते.

ही परीक्षा एकदाच करून भागत नाही, वर्षातून दोनदा तरी हवी, आणि त्यातली एक रमजानच्या महिनाभर आधी. दुकान चालू असताना कोण हिंमत करणार, असे कमिटीवाले म्हणतात. त्यासाठी वेळ आपल्याकडे आहेच. शुक्रवारी जुम्याच्या नमाजला निम्मे गाळे तास-दीड तास बंद असतात आणि गर्दी ओसरलेली असते. नमाज संपल्यानंतरची अर्धी घटका चार दुकानदारांनी काउंटर उघडून द्यावी, बसवणाऱ्याला आधीच बोलावून ठेवावे, आणि कमिटीच्या सेक्रेटरीने वही घेऊन किती सेकंद गेले ते लिहावे. आमच्या मार्केटमध्ये येत्या महिन्यात हे करायचे ठरले आहे. वायर कोणी काढायची, यावरच अजून एकमत व्हायचे आहे.